करांचं एक कलम आणि प्रशियाची संसद

एकोणिसाव्या शतकातली युरोपातली कुठलीही राज्यघटना हातात घेतली की आपण आधी नागरिकांच्या हक्कांचं प्रकरण उघडतो. माझा आग्रह आहे, आधी करांचं कलम काढा. राजा आणि संसद यांचं भांडण कोण जिंकणार, ते तिथे कळतं.

जर्मनीतल्या प्रशिया या राज्याचंच बघा. १५ नोव्हेंबर १८४८ ला तिथल्या निवडून आलेल्या राष्ट्रसभेने सरकारला कर देऊ नका, असा ठराव केला. तीनच आठवड्यांत, ५ डिसेंबरला, राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने सभा बरखास्त करून स्वतःच घटना जाहीर केली. तिचं सुधारित रूप ३१ जानेवारी १८५० चं. मजकुरावर १८३१ च्या बेल्जियन घटनेची दाट छाप आहे. पण बेल्जियममध्ये कराचा कायदा एका वर्षापुरताच, संसदेने पुन्हा मंजूर केला नाही तर तो संपला. प्रशियात कलम ९९ म्हणतं, अर्थसंकल्प दरवर्षी कायद्याने ठरावा. आणि कलम १०९ म्हणतं, चालू कर कायद्याने बदलेपर्यंत वसूल होत राहतील. खर्चाला सभागृहाची संमती हवी, जमेला नको!

मतदानाची रचनाही पैशावरच. गावचा एकूण प्रत्यक्ष कर समजा ३,००० थालर (तिथलं चलन). सर्वाधिक कर भरणाऱ्यापासून यादी लावायची आणि दर हजार थालरला रेघ ओढायची. पहिल्या हजारात पाच माणसं, दुसऱ्यात पंचवीस, तिसऱ्यात तीनशे असली, तरी प्रत्येक वर्गाने सारखेच निर्वाचक (म्हणजे पुढे आमदार निवडणारे प्रतिनिधी) निवडायचे, तेही सर्वांसमक्ष तोंडी मत देऊन. १८४९ मध्ये पहिल्या वर्गात ४.७ टक्के मतदार होते, तिसऱ्यात ८२.७ टक्के. हा बांध लोकशाहीवाद्यांना अडवायला घातला होता. पण शहरांतला पैसा उदारमतवादी व्यापारी-कारखानदारांकडे होता आणि तिसरा वर्ग मतदानाला फारसा फिरकतच नसे. त्यामुळे १८६० च्या दशकात संसदेचं कनिष्ठ सभागृह उदारमतवाद्यांच्याच हाती गेलं.

२३ सप्टेंबर १८६२ ला त्यांनी सैन्यसुधारणेचा खर्च ३०८ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. त्याच दिवशी राजाने बिस्मार्कला सरकारच्या प्रमुखपदी नेमलं. त्याचा युक्तिवाद असा: कायद्याला राजा आणि दोन्ही सभागृहं अशा तिघांची संमती लागते, ती जुळली नाही तर काय, यावर घटना गप्प आहे, आणि राज्य तर थांबू शकत नाही, म्हणून निर्णय राजाचा. हा ‘पोकळीचा सिद्धान्त’ कायद्याच्या दृष्टीने लंगडाच होता. तरी तो चार वर्षं चालला, कारण कलम १०९ मुळे तिजोरीत पैसा येत राहिला. आता कर थांबवायचा उपाय लोकांनी वसुली नाकारणं एवढाच. तो १८४८ मध्ये फसलेला, आणि मालमत्ताधारक उदारमतवाद्यांना रस्त्यावरच्या बंडाची राजाइतकीच धास्ती. मला त्यांची खरी दुबळी जागा इथे दिसते.

३ जुलै १८६६ ला क्योनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला. त्याच दिवशीच्या निवडणुकीत उदारमतवाद्यांच्या जागा घटल्या. ३ सप्टेंबरला सभागृहाने बिनमंजुरीच्या खर्चाला मागाहून मान्यता देणारं विधेयक २३० विरुद्ध ७५ मतांनी संमत केलं. त्या विधेयकाने कलम १०९ ला हातसुद्धा लावला नव्हता.