चाक, ब्रिओश आणि जातं : फ्रेंच पेस्ट्रीकडून नेमकं काय घ्यायचं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर चित्रकलेचे विद्यार्थी आहेत आणि घरून केकच्या ऑर्डरी घेणारी मंडळीही आहेत. आज दोघांशी एकाच विषयावर बोलायचं आहे.

आपल्याकडे ‘फ्रेंच थीम’ म्हटलं की ठरावीक सामान बाहेर निघतं. आयफेल टॉवर, फिकट गुलाबी रंग, तिरक्या अक्षरांत ‘पॅरिस’ आणि कडेला तीन मॅकरॉन. हे करून झालं की आपण प्रेरणा घेतली असं वाटतं. फ्रेंच पेस्ट्रीवाल्यांनी स्वतः मात्र फार वेगळ्या जागांहून गोष्टी उचलल्या, आणि उचलल्यावर त्यातलं बरंचसं टाकून दिलं. काय ठेवलं, काय टाकलं आणि का, हे कळलं तर आपल्या हाती काही लागेल.

सुरुवात मारी-आंत्वान कारेम या फ्रेंच पेस्ट्रीवाल्यापासून करू. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये रू व्हिव्हिएनवरच्या बायी यांच्या पेस्ट्रीच्या दुकानात हा पोरगा काम करत होता. राष्ट्रीय ग्रंथालय तिथून हाकेच्या अंतरावर. मालकानं सवड दिली आणि कारेम तिथल्या मुद्राचित्रांच्या विभागात बसून वास्तूंची चित्रं उतरवू लागला. पुढे त्याच आराखड्यांवरून त्यानं मेजवान्यांसाठी साखर, बदामाची पेस्ट आणि नुगा (साखर-बदामाची कडक मिठाई) यांचे मनोरे, मंडप, भग्न अवशेष उभे केले. १८१५ साली त्याची दोन पुस्तकं आली. त्यातलं एक बव्हंशी अशा रचनांच्या रेखाटनांचंच आहे. पेस्ट्रीवाल्यानं आधी पेन्सिल हातात घ्यायची, हा पायंडा इथून पक्का झाला असं मी मानतो.

दगडाची इमारत साखरेत उतरवायची तर प्रमाणं बदलावी लागतात. पास्तियाज, म्हणजे सुकून कडक होणारं साखरेचं पीठ, करून पाहा: ५०० ग्रॅम आयसिंग शुगर, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ७ ग्रॅम जिलेटिन, पाणी आणि थोडा लिंबाचा रस मिळून साधारण ६० ग्रॅम. जिलेटिन आधी या पाण्यात भिजवून विरघळवायचं आणि मग मळायचं. ३ मिलिमीटर जाड लाटायचं, कागदी साच्यावरून कापायचं आणि सपाट पाटावर सुकवायचं. हे पान हमखास वाकतं, कारण वरची बाजू आधी सुकते आणि आकसते. म्हणून काही तासांनी उलटायचं, मग पुन्हा उलटायचं. लाटलेला गोळा उघडा ठेवलात तर पाच मिनिटांत त्यावर साय धरते आणि कापताना कडा फाटतात. पावसाळ्यात कोकणपट्टीत हे काम काढूच नका. वाळलेलं पान हवेतलं पाणी ओढतं आणि उभी केलेली भिंत संध्याकाळपर्यंत कलते. खांबही चित्रातल्यापेक्षा जाड लागतात. म्हणजे नक्कल करायला बसलं तरी पदार्थ तुम्हाला हुबेहूब नक्कल करू देत नाही. जे काही नवं घडतं ते या अडवणुकीतून.

आता पॅरिस-ब्रेस्ट या केककडे येतो. इथे थोडा जास्त वेळ काढणार आहे.

१८९१ साली पिएर जिफार या पत्रकारानं पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सायकल शर्यत भरवली. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. शार्ल तेराँ ती ७१ तासांच्या वर काही मिनिटं घेऊन जिंकला. या शर्यतीच्या स्मरणार्थ एक केक करावा, असं जिफारनं मेझाँ-लाफित गावच्या लुई द्युराँ या पेस्ट्रीवाल्याला सुचवलं आणि १९१० साली द्युराँनं सायकलच्या चाकाच्या आकाराचा केक केला. शू पिठाचं (म्हणजे उकड काढून, अंडं घालून केलेल्या, भाजताना आतून पोकळ फुगणाऱ्या पिठाचं) कडं, वर बदामाचे काप, मधून आडवं कापून आत प्रालीनचं, म्हणजे साखरेच्या पाकात घोळवून दळलेल्या बदाम-हेझलनटच्या पेस्टचं क्रीम.

यात काय नाही ते बघा. आरे नाहीत, तुंबा नाही, साखळी नाही. चाकातलं फक्त कडं घेतलं आणि मधली पोकळी घेतली. आजच्या एखाद्या केकवाल्याला ‘सायकल थीम’ सांगा, तो फाँडंटची (साखरेच्या मऊ लगद्याची) हँडल असलेली सायकल वर बसवून देईल. द्युराँच्या कड्याला फायदा असा की शू पीठ कड्याच्या आकारात उत्तम भाजतं. आतूनही उष्णता लागते, बाहेरूनही लागते, आणि मधोमध कच्चं राहायला जागाच उरत नाही.

१८ सेंटिमीटरच्या एका कड्याचं प्रमाण लिहून घ्या. पाणी ६५ ग्रॅम, दूध ६० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी ५० ग्रॅम, मीठ २ ग्रॅम, साखर ३ ग्रॅम, मैदा ७५ ग्रॅम, अंडी फोडून फेटून ११५ ते १२५ ग्रॅम. अंडी नगावर मोजू नका. आपल्याकडची अंडी लहान असतात आणि परदेशी पाककृतीतली ‘तीन अंडी’ तुम्हाला हमखास फसवतात. बाजारात सहज मिळणारं पिवळं टेबल बटर खारं असतं, ते इथे चालत नाही.

लोण्याचे बारीक तुकडे करून दूध-पाण्यात घालायचे. लोणी पूर्ण वितळल्यावरच उकळी येऊ द्यायची. मोठा गोळा टाकलात तर तो वितळेपर्यंत पाणी आटत राहतं आणि सगळं प्रमाण बिघडतं. उकळी फुटली की गॅस बंद करून मैदा एकदम ओतायचा आणि जोरानं घोटायचं. मोदकाची उकड काढणाऱ्या हातांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. फरक पुढे आहे: ही उकड परत मंद आचेवर दीड-दोन मिनिटं परतून कोरडी करायची. पातेल्याच्या बुडाला पातळ पापुद्रा धरला की थांबायचं. मग साधारण ५० अंशांपर्यंत निवू द्यायची, नाहीतर अंडं घातल्या घातल्या शिजतं.

अंडं तीन-चार वेळा करून घालायचं आणि शेवटचं २० ग्रॅम हातचं राखायचं. पिठात बोटानं चर ओढा. तो हळूहळू मिटला पाहिजे. उलथनं उचललं की खाली इंग्रजी ‘व्ही’सारखी झालर लोंबली पाहिजे. चर उभाच राहिला तर राखलेलं अंडं घाला. लगेच मिटला तर अंडं जास्त झालं, आणि त्याला उपाय नाही. वरून मैदा टाकून सावरायला जाऊ नका, कच्चा मैदा फुगत नाही.

बटरपेपरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं वर्तुळ काढा, पेपर उलटा, त्यावर पायपिंग बॅगेनं पिठाचा एक दोर ओढा. त्याला आतून चिकटून दुसरा, आणि दोघांच्या सांध्यावर तिसरा. नोझल १५ मिलिमीटरच्या आसपास, पण गोल नको, दात्यांचं घ्या. कड्यावर उमटणाऱ्या रेघा शोभेच्या वाटतात, पण काम करतात. पीठ ओव्हनमध्ये फुगताना त्याला पसरायला जागा लागते. गुळगुळीत दोर कुठेतरी एकाच ठिकाणी फाटतो. रेघा असल्या की फुगवटा सगळीकडे सारखा वाटला जातो. नक्षी आणि यंत्रणा वेगळ्या न काढता येणं, हे चांगल्या फ्रेंच पेस्ट्रीचं लक्षण आहे. तुमच्या कामात कुठली रेघ पुसली तर काहीच बिघडत नाही, ते तपासायची सवय यातून लागली तरी पुष्कळ.

वर बदामाचे काप लावून १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. आत वाफेनं ताणलेल्या भिंती अजून घट्ट झालेल्या नसतात, थंड हवा शिरली की कडं बसतं. रेघांच्या खाचासुद्धा तपकिरी झाल्या की ते भाजलं. खाचा पिवळ्या असताना काढलंत तर ते ट्रेवरच खाली बसेल. भाजून झाल्यावर ओव्हन बंद करून दार किलकिलं ठेवा, दहा मिनिटं.

क्रीमसाठी २५० ग्रॅम दूध, ३ बलक, ५० ग्रॅम साखर आणि २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर यांचं कस्टर्ड करून त्यात गरम असतानाच ५० ग्रॅम लोणी घाला. निवल्यावर आणखी ५० ग्रॅम मऊ लोणी आणि ९० ग्रॅम प्रालीन पेस्ट घालून फेटा. कस्टर्ड आणि लोणी दोन्ही २० ते २२ अंशांवर हवीत. कस्टर्ड फ्रिजमधून थेट काढलंत तर क्रीम फाटून रवाळ होतं. भांडं बाहेरून किंचित कोमट करून फेटत राहिलात की बहुधा सावरतं. मे महिन्यात मुंबईत उलटं होतं, क्रीम पातळ होतं, तेव्हा भांडं पाच-पाच मिनिटं फ्रिजमध्ये. हेझलनट परवडत नसेल तर बदाम आणि काजू निम्मे निम्मे घ्या, चव सौम्य होते पण चालते. दाण्याची चिक्की दळून घालायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. ती साखरेची असेल तर ठीक. गूळ ओल धरतो आणि क्रीम सैल पडतं.

एक चिठ्ठी आली आहे: अंडं न घालता हे जमेल का? शू पिठाचा आकार धरून ठेवणारं अंडंच आहे. त्याशिवाय जे होतं त्याला पॅरिस-ब्रेस्ट म्हणू नये, असं माझं मत. अंडं नको असेल तर फेयेताज, म्हणजे पापुद्र्यांची पफ पेस्ट्री, निवडा. मैदा, पाणी, मीठ, लोणी, बस. तीन पदरी घडी सहा वेळा घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. त्या थरांतून सुचण्यासारखंही बरंच आहे.

थरांवरून ऑपेरा केकबद्दल दोन वाक्यं. पॅरिसच्या दालोयो या दुकानानं तो १९५५ साली केल्याचं सांगितलं जातं. श्रेयावरून वाद आहेत, त्यात शिरत नाही. बदामाचा पातळ स्पंज, कॉफीचा पाक, कॉफी बटरक्रीम, गनाश (चॉकलेट आणि साय यांचं क्रीम), वर चॉकलेटचा आरसा. उंची जेमतेम ३ सेंटिमीटर. चारही कडा कापून टाकतात आणि उरतो तो आर्किटेक्टच्या भाषेत छेद. बाजूला सजावट काहीच नाही. सुरी दर कापाला गरम पाण्यात बुडवून पुसली नाही तर थर एकमेकांत माखतात आणि केकचा अर्थच जातो.

आता चित्रकारांसाठी. फ्रेंच चित्रकार शार्दँचं ‘ब्रिओश’ हे चित्र १७६३ चं, पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. ब्रिओश म्हणजे भरपूर लोणी-अंडी घातलेला, वर छोटं डोकं असलेला पाव. टेबलावर एक ब्रिओश, तिच्या डोक्यात खोवलेली नारिंगाच्या मोहराची डहाळी, फुलांच्या नक्षीचं पोर्सेलिनचं भांडं, काचेची सुरई, काही फळं, बिस्किटं. १८६९ साली संग्राहक ला काझ यांच्या देणगीतून ते लूव्हरमध्ये आलं, आणि १८७० साली माने या चित्रकारानं आपली ब्रिओश रंगवली. तिच्या डोक्यात गुलाब आहे. मानेचं चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. एकानं डहाळी खोवली, शंभर वर्षांनी दुसऱ्यानं तिथे गुलाब ठेवला, आणि तरी दोन्ही चित्रं आपापल्या काळाची वाटतात. मानेनं मांडणी घेतली. शार्दँचा मऊ, धुरकट उजेड त्यानं तिथेच सोडला.

ब्रिओश रंगवायची असेल तर ती का तशी दिसते ते माहीत हवं. वरून अंड्याचा हात फिरवलेला भाग गडद आणि चकचकीत होतो. ओव्हनमध्ये पीठ पुढे फुगतं तेव्हा डोकं आणि धड यांच्या सांध्यात ते उसवतं. तिथे अंडं लागलेलं नसतं, म्हणून तो भाग फिकट आणि कोरडा. विद्यार्थी नेमकी उलटी चूक करतात: खाच आहे म्हणजे सावली असणार, असं धरून तिथे गडद तपकिरी भरतात आणि ब्रिओश मातीच्या मडक्यासारखी दिसते. मोने या चित्रकारानं १८८२ साली पूर्व्हिल गावी गालेत (गोल, चपटे केक) रंगवल्या, त्याही पाहा. तिथे जवळजवळ सगळं चित्र वरून दिसणाऱ्या गोल पदार्थांच्या रेघांवर उभं आहे.

शेवटी सरावासाठी एक काम देतो. द्युराँनं चाकाचं केलं ते तुम्ही जात्याचं करा. आधी काय ठेवायचं ते ठरवा. माझ्या मते तीन गोष्टी: दोन जाड तळ्या, मधलं तोंड, आणि दोन तळ्यांच्या फटीतून बाहेर येणारं पीठ. खुंटा टाकून द्या. तो ठेवलात की खेळणं होतं. मग पदार्थ. शू पीठ इथे चुकीचं, कारण ते पोकळ आणि हलकं, आणि जात्याला वजन हवं. साब्ले ब्रेताँ, म्हणजे लोण्याचं खुसखुशीत बिस्किट, घ्या: ४० ग्रॅम बलक आणि ८० ग्रॅम साखर फेटून त्यात ८० ग्रॅम मऊ लोणी, मग ११० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम बेकिंग पावडर, २ ग्रॅम मीठ. दोन तास गार करून ६ मिलिमीटर जाड लाटा, १६ सेंटिमीटरच्या दोन तळ्या कापा आणि रिंगमध्येच ठेवून १६० अंशांवर साधारण २० मिनिटं भाजा. रिंग काढलीत तर पीठ पसरतं आणि कडेला उतार येतो, जात्याची उभी धार मिळत नाही. फटीत प्रालीनचं क्रीम भरा, कडेनं भाजलेल्या बदामाची भरड सांडू द्या. मधलं तोंड भाजण्यापूर्वी पाडू नका, ते बुजतं. ट्रे बाहेर आला की तळी गरम असतानाच कटर दाबून पाडा. गार झाल्यावर पाडायला गेलात तर ती तडकते.