शिट्टीवाल्याचं घर

(दृश्य : रात्र. इंदूर, रामबाग. बंद दारांची गल्ली. दुरून शिट्टी, मग रस्त्यावर काठी आपटल्याचा आवाज.)

ही शिट्टी मी लहानपणापासून ऐकतेय. रात्री दोनला एकदा, चारला एकदा. झोपमोड होते असं कुणी म्हणत नाही. उलट एखाद्या रात्री वाजली नाही, तर आई उठून दाराची कडी बघते.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शिट्टीवाले, म्हणजे गल्लीचे नेपाळी चौकीदार, दारात येतात. घरटी ३० रुपये. कुणी २० वरच भागवतं. ‘इस महीने तो दिखे नहीं’ म्हणून कुणी तेही देत नाही. सगळे त्यांना बहादुर म्हणतात. ते त्यांचं नाव नाही. खरं नाव या फिल्ममध्येही येणार नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. आम्हाला तरी ते कुठे ठाऊक होतं? २०१५ साल उजाडावं लागलं त्यासाठी.

(दृश्य : नेपाळचा नकाशा. गोरखा, नुवाकोट, काठमांडू.)

२५ एप्रिल २०१५, शनिवार. नेपाळच्या घड्याळात बाराला चार मिनिटं कमी. गोरखा जिल्ह्यात केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. १२ मेला पुन्हा एक, ७.३ चा. जवळपास ९,००० माणसं गेली. सुमारे ५ लाख घरं पार पडली. शनिवार म्हणजे तिकडे सुटी, शाळा बंद. दिवसाउजेडी खेड्यातली बरीच माणसं शेतात. हेच रात्री, सगळे घरात असताना झालं असतं तर...

आमच्या गल्लीत शिट्टी थांबली. आठवड्याने एक बदली माणूस आला. आमचे ते परतले थेट गणपतीच्या सुमारास. आईने चहा दिला. ते म्हणाले, “नुवाकोट में घर था. गिर गया. माँ बच गई.” चहा संपवला आणि रात्री कामावर आले.

(दृश्य : जुन्या वाड्याची ओसरी. टेबलावर पितळी ओळंबा.)

समोरच्या वाड्यात बापू राहतात. ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी दुसऱ्या दिवशी काकांना बोलावून, हो, आता आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो होतो, एकच प्रश्न विचारला, “भिंतीचा आतला पदर आधी पडला की बाहेरचा?”

प्रश्न विचित्र वाटला. पण बापू १९९३ मध्ये किल्लारीला कामाला गेले होते. ३० सप्टेंबरची पहाट, गणपती विसर्जन करून गावं झोपलेली, ६.२ चा धक्का. नेपाळच्या मानाने किती लहान! तरी हजारो माणसं दबली. कारण घरं. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, पण आतून दोन वेगळे पदर, मधे दगडगोट्यांची भर, आणि डोक्यावर मातीचं माळवद. हादरा बसला की पदर एकमेकांना सोडतात आणि माळवद खाली येतं. बापू म्हणतात, भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड दर थोड्या अंतरावर बसवला असता, जोत्याला, खिडकीखाली आणि दारावर चारी भिंती बांधून ठेवणारा पट्टा फिरवला असता, तर निदान पळायला वेळ मिळाला असता. काकांचं घरही असंच. दगड आणि माती.

नेपाळ सरकार घराला ३ लाख नेपाळी रुपये देत होतं. आपले १,८७,५००. तेही तीन हप्त्यांत : आधी ५०,०००, जोतं नियमाप्रमाणे झालंय असं इंजिनिअरने पाहिल्यावर दीड लाख, मग उरलेले एक. अडचण अशी, की डोंगरावर सिमेंटचं पोतं चढवायलाच पैसे लागतात. गावातले तरणे हात आखातात, मलेशियात, नाहीतर आमच्यासारख्या गल्ल्यांमध्ये रात्री शिट्ट्या वाजवत असतात.

तेव्हा आम्ही चौघांनी ठरवलं, पैसे जमवायचे आणि बांधायलाही जायचं.

बापूंनी आमचा उत्साह तिथल्या तिथे मोजला. “चौघांच्या जाण्यायेण्यात तिथला गवंडी किती दिवस काम करेल, हिशेब केलात?” केला. आकडा बघून आम्ही गप्प झालो. मग नियम झाला : गाडीभाडं आपापल्या खिशातून, लोकांकडून आलेला प्रत्येक पैसा घराला. दोन वह्या. हा नियम नसता तर ही फिल्म मी केलीच नसती.

(दृश्य : कढई. सोऱ्यातून चकली पडते आहे.)

२०१६ च्या गणपतीत आम्ही पावतीपुस्तक घेऊन फिरलो. गणपतीची वर्गणी लोक डोळे मिटून देतात, नेपाळची मागितली की डोळे उघडतात. नऊ दिवसांत १,१०० रुपये. मग माझी काकू म्हणाली, “हात पसरू नका, काहीतरी विका. दिवाळी येतेय.”

दसऱ्यापासून आमच्या चार घरांत फराळाचा कारखाना निघाला. सियागंजातून डाळ-तांदूळ पोत्याने आणायचे, भाजणी आमच्या गच्चीवर. इंदूरकराला शेव शिकवायला जाऊ नये, हे आम्हाला कळत होतं. म्हणून शेव नाहीच. चकली, कडबोळी, अनारसे. पहिल्या घाण्यातले सगळे अनारसे तुपात हसले. काकू रडायच्या बेतात, आणि बापू त्याचा चुरा चमच्याने खात म्हणाले, “याला पट्टा घालायचा राहिला.”

राजवाड्याजवळच्या एका दुकानदाराने चकली चाखून विचारलं, “भिया, यहाँ इत्ते काम पड़े हैं, नेपाल में क्या रखा है?” प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, हमारे चौकीदार का घर. त्याने दोन किलो घेतली. २० रुपयांची घासाघीसही केली.

खर्च वजा जाता उरले ३८,६०० रुपये. काकूच्या तुपाच्या रिकाम्या डब्यात. ३० ऑक्टोबरला लक्ष्मीपूजनात तो डबाही पाटावर होता.

८ नोव्हेंबरला रात्री आठला टीव्हीवर नोटबंदी आली.

डब्यात ३१,५०० रुपये पाचशे-हजारच्या नोटांत. पुढचे दिवस रांगेत गेले. पैसे आईच्या खात्यात पडले, पण बाहेर कसे येणार? आठवड्याला २४,००० ची मर्यादा, आणि बँकेत तेवढी रोकड असेल तर. त्यातून नेपाळ आपल्या नव्या पाचशे आणि दोन हजारच्या नोटा घेत नव्हता. आम्हाला हव्या होत्या शंभराच्या. ३८६.

आणि २० नोव्हेंबरच्या पहाटे कानपूरच्या अलीकडे पुखरायांजवळ इंदूर-पाटणा एक्सप्रेस घसरली. सुमारे दीडशे माणसं गेली. आम्ही जाणार होतो ती हीच गाडी. घरात नेपाळ हा शब्द महिनाभर कुणी उच्चारला नाही. त्या दिवसांबद्दल मी आईला कॅमेऱ्यासमोर विचारलं. ती उठून आत गेली. ते दृश्य मी ठेवलेलं नाही.

(दृश्य : मार्च २०१७. डब्याची खिडकी. मग सुनौलीची कमान, बस, घाट.)

मार्चमध्ये निघालो. त्याच गाडीने लखनऊ, पुढे गोरखपूर, बसने सीमेवरचं सुनौली. व्हिसा नाही. घड्याळ १५ मिनिटं पुढे केलं की परदेश.

काका आधीच गावी पोहोचले होते. आमा, म्हणजे त्यांची आई, पत्र्याच्या खोपटात दोन पावसाळे काढून बसलेल्या. पाया खणून झाला होता. बापूंनी दिलेला पितळी ओळंबा मी मोठ्या मानाने डकर्मींना दिला; नेपाळीत गवंड्याला डकर्मी म्हणतात. त्यांनी हसून स्वतःचा दाखवला. बापूंच्यापेक्षा चांगला. आरपार दगडाचं सांगायला गेले, तर ते त्यांना प्रशिक्षणातच शिकवलेलं. बाजूला लांब दगडांची वेगळी रास लावून ठेवलेली होती.

आम्हाला काम मिळालं पडक्या घरातले दगड निवडायचं. लांब एकीकडे, चपटे दुसरीकडे, गोल बाद. माती कालवायची, घमेली वाहायची. अठरा दिवसांत मी एकही दगड रचला नाही, आणि ते बरंच झालं. ३८,६०० मधून वाळू-सिमेंटची वाहतूक आणि डकर्मींची मजुरी निघाली.

डकर्मी मला हाक मारायचे, “ए बहिनी!” धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. माझ्या मराठी कानाला रोज ‘वहिनी’ ऐकू यायचं आणि मी रोज दचकायचे.

(दृश्य : भिंत खिडकीच्या उंचीला. आमा दारात.)

सतराव्या दिवशी आमांनी खोपटातून एक बिस्किटांचा डबा आणला. ढिगाऱ्यातून निघालेला, एका बाजूने चेपलेला. आत प्लास्टिकच्या पिशवीत नोटा. भारतीय, पाचशेच्या, जुन्या. चौदा. काका इंदूरहून येताना आणायचे, त्या त्यांनी घरासाठी बाजूला टाकलेल्या. काकांनाही ठाऊक नव्हत्या.

३० रुपयांनी पाचशेची एक नोट व्हायला सतरा घरं लागतात. आमच्या गल्लीत एकवीस आहेत.

आमांनी माझ्याकडे बघून विचारलं, “चल्छ?”

हे मात्र लगेच समजलं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. आमांनी नोटा पिशवीत घातल्या, पिशवी डब्यात, झाकण दाबून बसवलं. मग विचारलं, आज ढिंडो खाणार की भात.