गाडीचा ‘फुल इन्शुरन्स’ आणि दवाखान्याचं बिल

(सोलापुरात कामगार आणि छोट्या व्यापाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटताना फाटकाजवळ उभे राहा आणि कुणालाही विचारा, “गाडीचा इन्शुरन्स आहे का?” उत्तर येतं, “फुल आहे की!” मग विचारा, “उद्या मोटरसायकलवरून पडून पाय मोडला, तर ही पॉलिसी दवाखान्याला किती देईल?” कुणी पन्नास हजार म्हणतं, कुणी लाख. वेगळे पैसे भरून तसं कलम घेतलेलं नसेल, तर उत्तर शून्य आहे.

यात कंपनीची लबाडी नाही. थर्ड पार्टी कायद्याने सक्तीची आहे, पण ती तुम्ही ज्याला धडक दिली त्याच्यासाठी. त्याच्या उपचाराची, मृत्यूची भरपाई ती देते, तुमची नाही. ‘फुल’मध्ये त्यावर गाडीच्या नुकसानीची भर पडते. म्हणजे मडगार्ड, हेडलाइट, टाकीचा पोचा. मांडीचं हाड त्यात कुठेच नाही.

तिसरा भाग मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. २०१८ पर्यंत दुचाकीला ही रक्कम फक्त १ लाख होती, तेव्हापासून ती १५ लाख झाली. हप्ता काही शे रुपयांचा. आकडा मोठा म्हणून लोक निश्चिंत होतात. पण हे पैसे कशाचे? मृत्यू झाला तर पूर्ण १५ लाख. दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तरी पूर्ण. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मे. पाय मोडला, रॉड टाकला, सहा महिने खाटेवर काढले आणि मग माणूस चालायला लागला, तर या कलमाखाली काही मिळत नाही. आणि रस्त्यावरचे बहुतेक जखमी देवाच्या दयेने याच प्रकारचे असतात.

शिवाय नाव नीट वाचा : मालक-चालक. गाडी बापाच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर मुलाला हे संरक्षण नाही. सोलापुरात याहून सर्रास प्रकार म्हणजे जुनी गाडी घ्यायची, गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सह्या करून घ्यायच्या आणि तो फॉर्म वर्षानुवर्षं कपाटात ठेवायचा. आरसीवर जुन्याच मालकाचं नाव. अशा गाडीवर मेलात तर तुमच्या घरच्यांचा या १५ लाखांवर हक्क सांगणं जवळजवळ अशक्य. गाडी विकत घेतली की चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं असतं, आणि हा अपघात विमा स्वतःच्या नावाने नव्याने घ्यायचा असतो. लायसन्स चालू हवं, हेही आलंच.

नव्या गाडीवाल्यांसाठी एक सांगतो. सप्टेंबर २०१८ पासून शोरूममधून निघताना पाच वर्षांची थर्ड पार्टी घ्यावी लागते. कागदावर ‘५ वर्षे’ दिसलं की माणूस पाच वर्षं झोपतो. प्रत्यक्षात गाडीच्या नुकसानीचा भाग आणि अपघात विमा बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. घरी गेल्यावर प्रत्येक भागासमोरची तारीख वेगवेगळी वाचा.

मग दवाखान्याचे पैसे कुठून आणायचे? सरकारी सोय आहे, आणि ती हलकी समजू नका. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांच्या कॅशलेस उपचारांची योजना लागू केली : ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांनाच. कारखान्यात ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जात असेल तर कामावर जाता-येतानाचा अपघातही त्यात बसू शकतो. हे फार थोड्या कामगारांना माहीत असतं, आणि मालक आपणहून सांगत नाहीत.

तरी माझं मत स्पष्ट आहे. या सगळ्याच्या खाली स्वतःची आरोग्य पॉलिसी हवी. पुणे-हैदराबाद हायवेवर पडलेला माणूस ज्या दवाखान्यात पोचतो, तो यादीत असेलच असं नाही. डोक्याला मार असेल तर सात दिवसांत आयसीयूतून बाहेर येईल असंही नाही. हाडाचा खर्च एका ऑपरेशनवर थांबत नाही. प्लेट बसवली, जखम चिघळली तर पुन्हा आत, मग फिजिओथेरपी, काहींना पुढे प्लेट काढायचं ऑपरेशन. म्हणून मी ५ लाखांना किमान मानतो, पुरेसं नाही. अपघाताला सुरुवातीच्या तीस दिवसांची अट लागू नसते, त्यामुळे ‘आता घेऊन काय उपयोग’ हे कारण इथे चालत नाही.

रकमेपेक्षा जास्त फसवते ती खोलीच्या भाड्याची मर्यादा. समजा पॉलिसी ३ लाखांची, भाडं रोज १ टक्का, म्हणजे ३ हजार. नातेवाइकांनी ६ हजारांची खोली घेतली. कंपनी फक्त वरचे ३ हजार कापते असं लोकांना वाटतं. तसं नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, नर्सिंग यांतही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मी, कपात होऊ शकते. औषधं, शरीरात बसवलेले रॉड-प्लेट आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, आयसीयूलाही नाही. पण बाकीचं बिल घरच्यांच्या अंगावर येतं. भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी तीच घ्या.

रक्कम स्वस्तात वाढवायची तर सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षभरातली बिलं मिळून ठरलेल्या रकमेच्या वर गेली की वरचे पैसे देणारी जोडपॉलिसी. मूळ पॉलिसी ५ लाखांची, वर ५ लाखांनंतर सुरू होणारा सुपर टॉप-अप. वर्षात एकदा ३ लाखांचं बिल झालं, पुन्हा ४ लाखांचं. एकूण ७. मूळ पॉलिसी ५ देईल, वरचे २ सुपर टॉप-अप. नुसता टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो. एकही बिल ५ च्या वर गेलेलं नाही, म्हणून तो काहीच देणार नाही. एजंटकडून ‘सुपर’ हा शब्द लिहून घ्या.

बिल भागलं, पण पगाराचं काय? लूमवर दिवसाच्या हिशेबाने पैसे घेणाऱ्याचा हात प्लास्टरमध्ये गेला की घर थांबतं. त्यासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घेताना तात्पुरत्या अपंगत्वाचा आठवडी भत्ता जोडून घ्या. बँकेतली २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना जरूर ठेवा, पण ती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाची आहे, तिच्यात हा भत्ता नाही.

आता एक गोष्ट, जी पॉलिसीत छापलेली नसते. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, “कसं लागलं?” पोलिसांची कटकट नको म्हणून नातेवाईक सांगतात, “घसरून पडला.” केसपेपरवर तेच चढतं. पुढे ट्रकवाल्याविरुद्ध मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावला की समोरचा वकील पहिला तो कागद काढतो. अपघाताने घाबरलेल्या माणसाला हे सुचणार नाही, म्हणून आत्ताच घरात सांगून ठेवा : जे झालं तेच सांगायचं, आणि चालवत कोण होतं तेही. भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा.

(श्रोत्यांतून प्रश्न : गाडी आठ वर्षांची आहे. फुल घेऊ की नुसती थर्ड पार्टी?)

एकटेच चालवत असाल तर जुन्या गाडीच्या नुकसानीचा भाग सोडा, थर्ड पार्टी आणि अपघात विमा ठेवा, वाचलेले पैसे आरोग्य पॉलिसीत घाला. पण बायको रोज मागे बसते का? (श्रोता : हो, कामाला सोडतो.) मग थांबा. चूक तुमची आणि पडली ती, तर नुसत्या थर्ड पार्टीत विनामोबदला मागे बसलेल्या व्यक्तीची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटलेलं आहे. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे तुमच्या ‘फुल’मध्ये, ती जबाबदारी येते. तुम्ही फुलच ठेवा, मागे बसणाऱ्याचा अपघात विमा जोडून घ्या, आणि आरोग्य पॉलिसीत तुमच्या नावाबरोबर तिचंही नाव घाला.