आयोग यायच्या आधीपासून

(दृश्य : कोरडं रान, मागे ग्रॅनाइटच्या टेकड्या)

झिम्बाब्वेच्या दक्षिणेकडचा माटोबो जिल्हा. केझीजवळचं हे भालाग्वे. 1984 मध्ये इथे लष्कराची छावणी होती. आसपासच्या गावांतली माणसं ट्रकमध्ये भरून इथे आणली जायची. मारहाणीत मेलेल्यांपैकी कित्येकांना जवळच्या अँटिलोप खाणीत टाकून दिलं गेलं.

इथे स्मृतिफलक लावायचं काम बुलावायो शहरातल्या इबेत्शू लिकाझुलू या संघटनेनं अंगावर घेतलं. फलक चोरीला गेले, फोडले गेले, एक तर स्फोटकं लावून उडवला. संघटना मागे हटली नाही.

(दृश्य : जुनी छायाचित्रं)

1980 मध्ये देश स्वतंत्र झाला. जानेवारी 1983 मध्ये उत्तर कोरियाच्या प्रशिक्षकांनी तयार केलेली लष्कराची पाचवी ब्रिगेड देशाच्या पश्चिम-दक्षिणेकडच्या माटाबेलेलँडमध्ये उतरली. नाव बंडखोरांना संपवण्याचं होतं. मारले गेले ते मुख्यतः न्देबेले भाषा बोलणारे साधे गावकरी. डिसेंबर 1987 मध्ये सत्ताधारी झानू आणि विरोधी झापू या पक्षांत एकता करार झाला, तोवर सुमारे 20,000 माणसं गेली असावीत, असा अंदाज नेहमी दिला जातो. या काळाला गुकुराहुंडी म्हणतात. सरकारनं तेव्हाच एक चौकशी समिती नेमली होती. तिचा अहवाल लोकांसमोर कधी आलाच नाही.

आला तो दुसराच. कॅथलिक चर्चचा न्याय आणि शांतता आयोग आणि लीगल रिसोर्सेस फाउंडेशन यांनी गावोगावच्या साक्षी नोंदवून 1997 मध्ये आपला अहवाल पुढे ठेवला. आज या हत्याकांडाबद्दल जगाला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या नोंदींमुळे.

(दृश्य : सभागृह, हातात फलक धरलेले तरुण)

2013 च्या नव्या राज्यघटनेत राष्ट्रीय शांतता आणि सलोखा आयोगाची तरतूद झाली. मुदत दहा वर्षांची. पण आयोगाचा कायदा व्हायला जानेवारी 2018 उजाडलं, म्हणजे जवळजवळ निम्मी मुदत कागदपत्रांतच सरली. विधेयक आलं तेव्हा संघटनांनी ते ओळीओळीनं वाचलं आणि बोट ठेवलं ते एका कलमावर : देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन मंत्र्याला पुरावे दडवता येणार होते. आयोगानं मंत्र्याच्या मुठीत राहायचं असेल तर पीडितांनी त्याच्यासमोर बोलायचं कशाच्या भरवशावर?

2018 मध्ये निवृत्त न्यायाधीश सेलो नारे आयोगाचे अध्यक्ष झाले आणि आयोग लोकांना भेटू लागला. बुलावायोतल्या सभेत हे तरुण उभे राहिले आणि सभा विस्कटली. हा राग आयोगाविरुद्धचा आडमुठेपणा म्हणून दाखवला गेला. आम्हाला तसं वाटत नाही. ज्यांच्या घरी पस्तीस वर्षं कोणी विचारायला आलं नाही, त्यांना पहिल्याच सभेत शिस्तीत रांग लावायला सांगणं बरं नव्हे.

(दृश्य : दोऱ्यांनी आखलेला चौकोन, कुंचे, चाळण्या)

माटाबेलेलँडमधल्या त्शोलोत्शो जिल्ह्यातला सिपेपा परिसर, 2019. इथे 1983 मध्ये मारलेल्या एका दाम्पत्याचे अवशेष बाहेर काढले गेले. काम उकुथुला ट्रस्टचं, आयोग सोबतीला. त्यामागचा अनुभव बराच जुना : 1999 पासून अमानी ट्रस्टनं अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञांना बोलावून अशी उत्खननं सुरू केली होती.

पद्धत बघा. वरची माती थरानं काढायची. हाड दिसू लागलं की फावडं बाजूला ठेवायचं. पुढे लहान थापी, मग कुंचा. काढलेली माती चाळायची, कारण एखादं बटण, एखादा दातही ओळख पटवतो. प्रत्येक थराचा फोटो, प्रत्येक हाडाची जागा कागदावर. घरची माणसं खड्ड्याच्या काठावर असतात. त्यांना दूर ठेवून हे काम करायचंच नसतं, कारण पुढचा दफनविधी आणि मृताला घरी आणण्याचा उम्बुयिसो हा विधी त्यांनाच करायचा असतो.

(दृश्य : कागदपत्रांची पिशवी उघडणारे हात)

मारल्या गेलेल्या आईबापांच्या मृत्यूचा दाखला नाही, म्हणून मुलांचा जन्मदाखला नाही. तो नाही, म्हणून ओळखपत्र नाही. मार्च 2019 मध्ये माटाबेलेलँड कलेक्टिव्ह या मंचानं राष्ट्राध्यक्ष एमर्सन म्नांगाग्वा यांच्याशी चर्चा करून दाखले आणि पुनर्दफन हे दोन्ही विषय मान्य करून घेतले. काही संघटनांनी या चर्चेवर सडकून टीका केली : 1983 मध्ये देशाच्या सुरक्षा खात्याचे मंत्री म्नांगाग्वाच होते. टीका रास्त होती. दाखल्यांची गरजही तितकीच खरी होती.

2023 मध्ये आयोगाची मुदत संपली.

(दृश्य : गावातली बैठक, झाडाखाली खुर्च्या)

जुलै 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नवा कार्यक्रम जाहीर केला : पारंपरिक प्रमुखांनी आपापल्या भागात सुनावण्या घ्यायच्या. त्या बंद दाराआड, पत्रकारांना मज्जाव. संघटनांचं म्हणणं सरळ आहे. ज्याला उघड बोलायचं आहे त्याला उघड बोलू द्या, साक्षीदाराजवळ समुपदेशक बसू द्या, आणि जे नोंदवाल ते प्रसिद्ध करा. सुरुवात त्या जुन्या चौकशी समितीच्या अहवालापासून करा.