माशी कुठे शिंकली?

श्रोतेहो, नमस्कार.

आधी एक छोटासा उद्योग सांगतो. ज्यांना चाळीशी लागली आहे त्यांनी तो आत्ताच करून बघावा, रेडिओ मात्र चालूच ठेवा. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या आणि टाचणीनं त्याला एक भोक पाडा. चष्मा काढून ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी-नक्षत्राची जी मुंगीएवढी अक्षरं असतात ती तशीच वाचून बघा. लागणार नाहीत. आता तोच कागद डोळ्याशी धरून भोकातून बघा. दिवा चांगला हवा. उजेड जरा कमी वाटेल, पण अक्षरं लागतील.

आत्ता तुमच्या हातात आहे ती पीप साइट, म्हणजे नेम धरायला डोळ्याशी असलेलं बारीक भोक. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकीनं कागदी लक्ष्यावर नेम धरणाऱ्याला ती का लागते, एवढाच आजचा विषय. परवाना, कायदा वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. ठासणीची असली तरी बंदूक ती बंदूकच, परवाना लागतो आणि ती रेंजवरच चालवायची. आपल्या मालव्यात लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची जी हौस आहे ना, तिच्याबद्दल मी बोलायला लागलो तर पंधरा मिनिटं त्यातच जातील. वर गेलेली गोळी खाली येते, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

साध्या साइटला मागे खाच असते आणि पुढे नळीच्या तोंडाशी माशी, म्हणजे नेम जुळवायची उभी खूण. नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: हातभरावरची खाच, त्यापुढची माशी आणि ५० मीटरवरचं लक्ष्य. तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. विशीत डोळा इतक्या झटपट जवळ-लांब करतो की कळतही नाही. पन्नाशीत खाच म्हणजे नुसता धुकट डाग होतो. पीप ती खाचच काढून टाकतं. डोळा आपोआप भोकाच्या मध्यावर येतो, कारण सगळ्यात जास्त उजेड तिथेच असतो. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: भोकाकडे बघायचं नाही, भोकातून बघायचं. नजर माशीवर. लक्ष्य किंचित धुकट दिसलं तर दिसू द्या, माशी मात्र काळीकुळकुळीत, धारदार हवी. पुन्हा सांगतो, भोकातून बघा, नजर माशीवर.

आता निवड. पीप डोळ्याजवळ हवं. काही जण नळीवरची खाच काढून तिथेच पीप बसवतात. तिथे ते डोळ्यापासून इतकं लांब पडतं की भोक टाचणीच्या टोकाएवढं दिसतं आणि फायदा काहीच मिळत नाही. जुन्या पद्धतीच्या बंदुकीला टँगवरचं पीप घ्या. टँग म्हणजे नळीच्या मागे लाकडात बसवलेली लोखंडी शेपटी. तिथून डोळ्यापर्यंत ५ ते ८ सेंटीमीटर अंतर राहतं. घेताना दोन गोष्टी तपासा. घोडा चढवताना अंगठा पीपच्या खांबाला अडतो का? आणि खांब उभा केल्यावर डुलतो का? डुलत असेल तर त्याची स्प्रिंग ढिली आहे. प्रत्येक बाराला तो केसभर मागे कलेल, गोळ्या वरखाली पडतील आणि तुम्ही दारूला दोष देत बसाल. दारू ठासताना खांब आडवा करून ठेवा. जोराचा बार भरणाऱ्यानं डोळा आणखी मागे घ्यावा, धक्क्यानं खांब भुवईवर बसतो.

भोकाचा आकार किती? स्वच्छ उन्हात १ ते १.२ मिलिमीटर, ढगाळ दिवशी किंवा सकाळच्या धुक्यात १.५. त्याहून मोठं, अडीच मिलिमीटरचं भोक शिकारीच्या बंदुकीचं, कागदासाठी नको. आणि बारीक तेवढं बरं असंही नाही. ०.८ च्या खाली गेलात की उजेड तर मरतोच, वर कडा विस्कटून माशीच अंधुक होते. भोकं बदलता येतील अशी चकती मिळत असेल तर पैसे तिच्यावर घाला.

पुढे माशीच्या जागी नळकांडं बसवतात, त्याला ग्लोब म्हणतात. त्यात खुंटी किंवा कडं घालता येतं. नळकांड्याचं काम सावलीचं. उघड्या माशीवर डावीकडून ऊन आलं की तीच बाजू चकाकते, डोळा त्या चकाकीलाच माशी समजतो आणि गोळी सरकते. कडं वापरायचं तर हिशेब करा. ५० मीटरवरचा २० सेंटीमीटरचा काळा गोल, डोळ्यापासून मीटरभरावरच्या माशीपाशी ४ मिलिमीटरचा दिसतो. कडं त्याच्या दीडपट, म्हणजे ६ मिलिमीटरचं घ्या. गोलाभोवती पांढरी कड भरपूर दिसली पाहिजे. घट्ट कड्यात गोल कधी मध्ये आहे आणि कधी बाजूला हेच कळत नाही. खुंटी असेल तर काळा गोल तिच्या डोक्यावर लाडवासारखा ठेवायचा.

उघडी माशी चकाकत असेल तर ती सुटी करून घरी आणा आणि कापराच्या काजळीवर धरा, आजी काजळ धरायची तशी. पण बंदूक आणि दारू दुसऱ्या खोलीत हवी, हे सांगायला लागू नये. बाजारात हिरव्या-लाल चमकत्या प्लास्टिकच्या माश्या आल्या आहेत. त्या पोह्यांवर जिरावण मसाल्याचा ढीग घालणाऱ्यांसाठी. चव झाकायची असेल तर घ्या.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं भराभर उरकलं.

१८७३ साली आयर्लंडच्या नेमबाजांनी विंबल्डनला एल्को शील्ड ही लांब पल्ल्याच्या नेमबाजीची ढाल जिंकली. विंबल्डन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पांढरे कपडे आले असतील, पण टेनिसची ती स्पर्धा १८७७ ची. त्याआधीपासून तिथल्या माळावर बंदुकांचे बार निघत होते. तर जिंकलेल्या आयरिश मंडळींनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रातून अमेरिकेला आव्हान दिलं. प्रत्येकी सहा नेमबाज, ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येक अंतरावर माणशी १५ बार. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. दुर्बीण नाही. मागे पीप, पुढे ग्लोब.

आयरिश लोकांच्या हातात रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, आणि त्या घडवणारा जॉन रिग्बी स्वतः संघात. अमेरिकेकडे इतक्या लांबचा नेम धरणारी रायफलच नव्हती. रेमिंग्टन आणि शार्प्स या कारखान्यांनी ती मुद्दाम तयार केली, आणि ती मागून काडतूस भरायची. त्या वेळच्या जाणकारांचं मत ठाम होतं की अचूकपणा हवा तर ठासणीचीच. म्हणजे सामना दोन देशांचा, तसाच दोन प्रकारच्या बंदुकांचाही.

२६ सप्टेंबर १८७४, न्यूयॉर्कजवळचं क्रीडमूर. हजारो लोक बघायला आलेले. मधला काळा भाग गोल नव्हे, तीन फुटांचा चौकोन, त्यात लागली की ४ गुण. कुणी पालथं झोपून नेम धरतोय, कुणी चक्क उताणं पडून, पाय लांब करून, रायफल पायांवर टेकवून. आपल्याकडे तसं कुणी झोपलं तर लोक पाणी घेऊन धावतील.

८०० यार्डांना अमेरिका ३२६, आयर्लंड ३१७. नऊ गुणांचं अंतर. ९०० ला आयर्लंड दोनानं सरस, १००० ला आणखी चारानं. ठासणीवाले घासाघासानं वर येत होते.

पण मधेच एक माशी शिंकली होती.

आयरिश संघातल्या मिल्नरनं एक बार काढला. पीप बरोबर, माशी बरोबर, वाऱ्याचा अंदाज बरोबर, श्वास रोखलेला, चाप हळुवार ओढलेला. गोळी थेट काळ्या चौकोनात गेली. शेजारच्या लक्ष्याच्या. अक्षता पडल्या त्या भलत्याच मांडवात! नियमानं गुण शून्य. चार गुण गेले.

हे कसं होतं ते आपल्या पीपवाल्यांना लगेच कळेल. मिलिमीटरभर भोकातून बघताना एक काळा ठिपका, त्याभोवती कडं आणि बाकी सगळा अंधार. लक्ष्याचा क्रमांक त्या चित्रात नसतोच. शेजारचा ठिपकाही हुबेहूब तसाच. पीप जितकं चांगलं, तितका हा धोका मोठा. म्हणून रेंजवर सवय लावा: गाल दस्त्याला लावण्याआधी उघड्या डोळ्यांनी आपला आकडा बघायचा, मगच भोकाला डोळा लावायचा. आधी आकडा, मग भोक. पुन्हा म्हणा माझ्याबरोबर. आधी आकडा, मग भोक.

आता शेवट ऐका. आयर्लंडचे सगळे बार संपले, बेरीज ९३१. अमेरिकेची बेरीज ९३०, आणि एकच गोळी शिल्लक. ती मारणार कर्नल जॉन बोडीन. तहान लागली म्हणून त्याला जिंजर बिअरची बाटली दिली, ती उघडताना फुटली आणि काच हातात घुसली. रक्त थांबेना. त्यानं हाताला रुमाल गुंडाळला आणि तसाच आडवा झाला. हजारो माणसं गप्प. बार निघाला. हजार यार्डांवर गोळी पोचायला सेकंद जातात, आणि धूर सरेपर्यंत काहीच दिसत नाही. मग पलीकडून, गोळी कुठे लागली ते दाखवणारी चकती वर आली. काळा चौकोन! चार गुण. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

तीन गुणांनी हार, आणि शेजारच्याला वाटलेले गुण चार. मिल्नरनं आकडा बघितला असता तर आयर्लंड ९३५ वर गेलं असतं आणि ठासणीची बंदूक जिंकली असती. तरी लोक म्हणतात, मागून भरायच्या बंदुकीनं ठासणीला हरवलं. मला ते मान्य नाही. १०८० पैकी ९३१, त्यातही एक अस्सल गोळी वाया, आणि तीही पुढून दारू ठासून! हरला तो मिल्नर, बंदूक नव्हे. बाटली उघडून देणाऱ्याचं नावही कुठेतरी कोरायला हवं होतं, पण ते असो.

वेळ थोडा उरलाय, म्हणून पीप जुळवण्याचं भरभर सांगतो. ठासणीच्या बंदुकीत मागून नळीत डोकावून लक्ष्य बघता येत नाही, त्यामुळे सुरुवात २५ मीटरवर मोठा कागद लावून करा. तीन गोळ्या मारा, त्यांचा मध्य धरा. एका गोळीवरून पीप कधीही हलवू नका. नळी ९० सेंटीमीटरच्या आसपास असेल तर पीपपासून माशीपर्यंत जवळपास १ मीटर भरतं, आणि मग हिशेब तोंडपाठ होतो. पीप १ मिलिमीटर हललं की १०० मीटरवर गोळी १० सेंटीमीटर हलते, ५० वर ५, २५ वर अडीच. दिशा अशी: गोळी जिकडे न्यायची तिकडे पीप न्या. माशी सरकवायची झाली तर तिला उलट न्या. पीप सुलट, माशी उलट. २५ वर जमलं की ५० मीटरवर पाच गोळ्या मारून पक्कं करा. खुंटीवर लाडू ठेवत असाल तर गोळी खुंटीच्या टोकावर लागून चालणार नाही, ती १० सेंटीमीटर वर, गोलाच्या मध्यात लागली पाहिजे.

स्क्रूला थोडी ढील असतेच. खाली आणायचं असेल तर हवं त्याहून थोडं खाली न्या आणि परत वर चढवत खुणेवर आणा, म्हणजे दर वेळी स्क्रू एकाच बाजूनं दाबलेला राहतो. टँगचे स्क्रू धक्क्यानं सैल होतात. ते घट्ट करून डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब द्या. थेंबाला तडा दिसला की समजा, फिरलाय.

गोळ्या हळूहळू वर चढायला लागल्या तर पीपला हात लावू नका. ती नळीतली काजळी. मे महिन्यात इंदूरच्या कोरड्या हवेत ती दगडासारखी होते आणि गजानं ठासताना गोळी अर्ध्यातच अडकते. प्रत्येक बारानंतर एक किंचित ओली चिंधी फिरवा, मग एक कोरडी. गजावर खूण करून ठेवा, म्हणजे गोळी दारूवर टेकली का ते दर वेळी कळेल. टेकली नसेल तर बार काढायचा नाही, नळी फुगते. दारू मापानंच घ्या आणि मापातूनच नळीत सोडा, दारू साठवायच्या शिंगातून थेट कधीही नाही.

घोड्याखाली फुटणाऱ्या ठिणगीच्या टोपीचे तुकडे आणि काजळी पीपच्या भोकातही जाऊन बसते. दहा-बारा बारांनंतर भोक उजेडाकडे धरून बघा, वाटोळं दिसत नसेल तर दातकोरणीनं साफ करा. टाचणी नको, भोकाची कड चरते. आणि घरी गरम पाण्यानं नळी धुण्याआधी पीप काढून ठेवा, नाहीतर त्याच्या पायाखाली पाणी राहतं आणि पुढच्या रविवारी तिथे गंज असतो.