'जिंतूर सोडलं' : मीम कसं बनतं, कसं पसरतं

(दृश्य : मोबाईलच्या पडद्यावर एक मीम)

बाजेवर गोधडी पांघरून पोरगा आडवा पडलाय. वर ओळ : "कुठवर आलास?" खाली उत्तर : "हे काय, जिंतूर सोडलं."

जिंतूर हे परभणीच्या वाटेवरचं गाव, आणि पोरगा अजून अंथरुणातच. परभणीकराला यापुढं काही सांगावं लागत नाही. हेच नांदेडच्या ग्रुपवर टाकायचं तर 'अर्धापूर सोडलं' करायचं, लातूरला 'औसा सोडलं', अंबाजोगाईला 'केज सोडलं'. फोटो तोच, थाप तीच, गाव तेवढं बदलायचं. मीमचा सगळा जीव या बदलता येणाऱ्या जागेत असतो.

जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली 'मीम' ही कल्पना मांडली, तेव्हा इंटरनेट घरोघरी नव्हतं. गाण्याची चाल असो, म्हण असो की पोशाखाची तऱ्हा, नकलेतून माणसामाणसांत पसरतं ते मीम. त्या हिशेबानं 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हेही मीमच. चिमुकलं, यमकात बसलेलं आणि कुणाच्याही तोंडी रुळणारं.

पुढं १९९६ च्या सुमारास संगणकावर बनवलेलं नाचणारं बाळ ईमेलमधून जगभर फिरलं. मग मांजरांचे फोटो आले, वर एक ओळ, खाली एक ओळ. २०१७ मध्ये एका फोटोनं वेगळीच वाट काढली : प्रेयसीसोबत चाललेला, पण मागं वळून दुसऱ्याच मुलीकडं बघणारा तरुण. तिघांवर तीन नावं लिहिली की मीम तयार. आपल्याकडं २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ही गंमत खेड्यापाड्यातल्या मोबाईलवर पोचली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केले. तिथं साचा चित्राचा राहिला नाही, आवाजाचा झाला. आवाज एकाचा, चेहरा ज्याचा त्याचा.

(दृश्य : ॲपमध्ये मीम तयार होताना)

आता बनवायचं कसं ते बघू. इन्स्टाग्रामच्या उभ्या पोस्टसाठी १०८० बाय १३५० पिक्सेलची चौकट घ्या. अक्षर मुक्ता किंवा बालूसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये (कुठंही चिकटवलं तरी मराठीच राहणाऱ्या) ठेवा. छपाईसाठी वापरायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर दुसरीकडं चिकटवला की त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, तर भारतीय लिप्यांची मांडणी सुरू आहे का ते तपासा.

इंग्रजी मीमची जाड काळी कडा देवनागरीला जशीच्या तशी लावू नका. 'र्थी' घ्या : रफार, वेलांटी, सगळी गर्दी शिरोरेषेच्या वर. कडा जाड झाली की हे सगळं एकमेकांत बुजतं, आणि अनुस्वार तर दिसेनासाच होतो. कडा बारीक ठेवा, नाहीतर अक्षरामागं काळी पट्टी द्या. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीच्या सव्वा ते दीडपट हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो.

मीम पडतं ते बहुतेक वेळा शब्दांमुळं. 'मी नुकतेच जिंतूर ओलांडले आहे' असं लिहिलं की पोरगा खोटं बोलतोय असं वाटतच नाही, एसटीची घोषणा वाटते. 'काय करायलास', 'कामून' (का), 'मपलं' (माझं) हे शब्द जसे बोलतो तसेच लिहावेत. प्रमाण भाषेत सफाई येते, पण बोलणारा माणूस हरवतो. खटका शेवटच्या शब्दांत ठेवा. वरच्या ओळीतच झोपल्याचं सांगून टाकलं, तर फोटोला काम उरत नाही.

लोक ते पुढं का धाडतात? हसू येतं म्हणून, हे खरंच. पण चुलतभावाला पाठवताना 'हे तुझंच आहे' असं काही न लिहिता सांगता येतं. चिडवणंही होतं, आपलेपणाही राहतो. म्हणूनच फोटो कुणाचा आहे हे आधी बघावं. ज्याचा चेहरा आहे त्याला विचारलेलं असावं. अनोळखी म्हाताऱ्याचा किंवा लेकराचा फोटो तर वापरूच नये. गावच्या ग्रुपवर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही.

(दृश्य : चॅटमध्ये स्टिकर)

ग्रुपवर त्याच पोराचा स्टिकरही चालतो. व्हॉट्सॲपला ५१२ बाय ५१२ पिक्सेलची, १०० केबीच्या आतली वेबपी फाईल लागते. पार्श्वभूमी काढून टाका, आकृतीभोवती ८ पिक्सेलची पांढरी कडा द्या, म्हणजे गडद वॉलपेपरवरही गोधडी उठून दिसेल. चारी बाजूंनी १६ पिक्सेल मोकळे सोडा. ओळ एकच घ्या, 'जिंतूर सोडलं', कारण चॅटमध्ये स्टिकर लहान दिसतो आणि दुसरी ओळ वाचताच येत नाही.