डालग्याखाली किती पिल्लं?

नमस्कार, श्रोतेहो.

मोजायला शिकवणाऱ्या चित्रांच्या पुस्तकाबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. मला दाखवता काहीच येणार नाही. तेव्हा चित्र तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. सारवलेलं अंगण, एक कोंबडी, तिच्यामागे चार पिल्लं आणि बाजूला पालथं घातलेलं डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली. खाली एकच ओळ : ‘पिल्लं सहा. बाकीची कुठं गेली?’ हे पान उघडंच राहू द्या, आपण त्याच्याकडे परत येऊ.

आपल्यापैकी बहुतेकांचं पहिलं गणिताचं चित्रपुस्तक म्हणजे अंकलिपी. एकच्या घरात एक वस्तू, दोनच्या घरात दोन, असं दहापर्यंत. मग नुसते आकडे, पाढे, आणि जुनी प्रत असेल तर पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढेसुद्धा. अंकलिपीला मी नावं ठेवणार नाही, मी तिच्यावरच शिकले. पण तिच्यात एक अडचण आहे. चित्राशेजारी आकडा आधीच छापलेला असतो. पाचचा आकडा ओळखला की मूल ‘पाच’ म्हणून मोकळं. मोजायची गरजच पडत नाही.

बालवाडीत माझी तीसेक वर्षं गेली. दर जूनमध्ये कुणीतरी कौतुकानं सांगतंच, “बाई, आमच्या बाळाला पन्नासपर्यंत येतं.” येतं म्हणजे म्हणता येतं. त्याच्यापुढे शेळ्यांचं चित्र ठेवा. तोंड पुढे धावतं, बोट मागे राहतं. एका शेळीवर दोन आकडे पडतात, एखादी शेळी सुटूनच जाते. आणि समजा मोजणी बरोबर झाली, एक, दोन, तीन, चार, पाच, लगेच विचारा, “मग शेळ्या किती?” तीन-साडेतीन वर्षांची कितीतरी मुलं उत्तर देत नाहीत. पुन्हा एकपासून मोजायला लागतात. त्यांच्या लेखी ‘पाच’ हे शेवटच्या शेळीचं नाव आहे, सगळ्या शेळ्यांचं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ साली मोजणीची पाच तत्त्वं मांडली, त्यातलं एक नेमकं हेच : शेवटी उच्चारलेला आकडा हा सगळ्यांचा मिळून असतो. आपल्याला हे इतकं उघड वाटतं, की ते कधीतरी शिकावं लागलं होतं हेच आपण विसरून गेलोय.

अशा वेळी रागावून उपयोग नाही. आपणच बोट ठेवून मोजायचं आणि शेवटी हात सगळ्या शेळ्यांवरून गोल फिरवायचा : “…चार, पाच. पाच शेळ्या!” दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूनं मोजायचं. तरीही पाचच भरतात, याचं मुलांना खरोखर नवल वाटतं.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा चिंचोके बरे. बरोबर आहे, आधी चिंचोकेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालवाड्या चालवल्या, तेव्हा परिसरात मिळतील त्या वस्तूंनीच शिकवलं. चिंचोका उचलून बाजूला ठेवता येतो. मोजलेले इकडे, राहिलेले तिकडे. चित्रातली शेळी हलत नाही. कुठून सुरुवात केली, कोणती झाली, हे मुलाला डोक्यात धरावं लागतं. म्हणून चित्र ही चिंचोक्यांच्या पुढची पायरी.

पुस्तक कोणतं घ्यावं? ओळीत मांडलेल्या सफरचंदांचं तर नकोच. मला गर्दीचं पान आवडतं. समजा, पावसातला आठवडी बाजार. त्यात काय मोजायचं हे आधी मुलालाच ठरवू द्या. टोपल्या? कुत्री? मग विचारा, “छत्र्या जास्त की माणसं?” हुशार मूल इथं आकडे म्हणतच नाही. एकेका माणसावर बोट ठेवतं आणि त्याच्या डोक्यावर छत्री आहे का बघतं. दोघं भिजतायत म्हणजे माणसं दोनानं जास्त. वजाबाकीचं चिन्ह त्याला ठाऊकही नसतं.

पुस्तक विकतच आणायला हवं असं नाही. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात. फक्त फोनवर मोजायला गेलं की बोट लागून पान सरकतं, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून!

आता आपल्या भाषेची एक खोड. त्रेसष्ट लिहिताना सहा आधी, बोलताना तीन आधी. मुलं सर्रास ३६ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’सारखं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विनोद झाले, विधानसभेतही विषय निघाला. मला स्वतःला त्रेसष्टही हवं आणि साठ तीनही. पण चित्र असेल तर भांडण बरंच निवतं. दहा-दहा कळ्यांच्या सहा माळा आणि शेजारी सुट्या तीन कळ्या काढा. मूल आधी माळा मोजतं, मग सुट्या कळ्या. तोंडानं काहीही म्हणो, सहा कुठं लिहायचा हे त्याला दिसतं.

आता त्या डालग्याकडे येऊ. हे पान मी साडेचार वर्षांच्या एका मुलीपुढे ठेवलं होतं. आजीच्या मांडीवर बसली होती. तिनं चार पिल्लं मोजली. ओळ मी वाचून दाखवली. आजीच्या ओठांवर उत्तर आलेलं. मी डोळ्यांनीच थांबवलं. मुलीनं डावा हात वर केला, चार बोटं उभी केली, मग अंगठा उघडला. “पाच.” मग दुसऱ्या हाताचं एक बोट. “सहा.” वर आलेला अंगठा आणि ते बोट, दोन्ही एकमेकांना टेकवून थोडा वेळ बघत राहिली.

“दोन आहेत डालग्याखाली,” ती म्हणाली.

आजी म्हणाली, “नक्की का गं?”

तिनं पान उलटून मागं बघितलं. मागच्या पानावर कोंबडीही नव्हती. भलीमोठी म्हैस बसली होती. मुलगी आजीकडे वळून म्हणाली, “आजी, हिच्या खाली असतील.”

नमस्कार.